परदेश दौऱ्यावरच्या मेटल शोचा व्हिडिओ कसा करायचा: आधी आवाज, मग कॅमेरा

मुंबईचा मेटल बँड डेमॉनिक रिझरेक्शन २०१० मध्ये नॉर्वेच्या इन्फर्नो फेस्टिवलला वाजून आला, दिल्लीचा ब्लडीवूड २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकेनला. आता आपल्याकडच्या बँडनं युरोपचा दौरा करणं ही अप्रूपाची गोष्ट उरलेली नाही. पण दौऱ्याहून आल्यावर जे लाइव्ह व्हिडिओ चढवले जातात, त्यातले बरेच बघून जीव हळहळतो. चित्र लख्ख असतं आणि गिटार ऐकूच येत नाही. कुठे आवाज स्वच्छ असतो, पण समोर चारशे माणसं ओरडत असूनही बँड बंद खोलीत वाजतोय असं वाटतं. सोलो सुरू होतो आणि पडद्यावर गायक पाणी पीत असतो.

याला पैशांची कमतरता क्वचितच कारणीभूत असते. क्रम चुकलेला असतो. आधी कॅमेरा भाड्यानं घेतला जातो, मग विमानाची तिकिटं निघतात, आणि शोच्या दिवशी संध्याकाळी साउंड इंजिनिअरला विचारलं जातं, "मिक्सरमधून आवाज मिळेल का?" खालचा क्रम दोनशे ते पाचशे माणसांच्या क्लब शोसाठी आणि दोन-तीन जणांच्या टीमसाठी आहे. फेस्टिवलला जिथे गणित बदलतं, तिथे तसं सांगितलं आहे.

## टप्पा १: कोणता शो चित्रित करायचा ते ठरवा

दहा-बारा शोच्या दौऱ्यात पहिला शो घेऊ नका आणि शेवटचाही नको. पहिल्या रात्री प्रवासाचा शीण असतो आणि उसनं घेतलेलं ड्रमकिट हाताला बसलेलं नसतं. शेवटच्या रात्रीपर्यंत ग्राउल करणाऱ्याचा, म्हणजे गुरगुरत गाणाऱ्याचा, गळा बसलेला असतो. तिसरा ते सहावा शो हा चांगला काळ. शक्य असेल तर दोन लागोपाठच्या रात्री राखून ठेवा आणि दोन्ही दिवस सगळ्यांनी तेच कपडे घाला. एका रात्री एखादं गाणं फसलं तर ते पूर्ण गाणं, चित्र आणि आवाज दोन्ही, दुसऱ्या रात्रीचं वापरता येतं.

क्लबच्या नावाला भुलू नका. तीन प्रश्न विचारा. मिक्सर डिजिटल आहे का? लाइट चालवायला माणूस असतो की ठरावीक प्रोग्रॅम फिरत राहतो? मिक्सरशेजारी ट्रायपॉड लावायला जागा आहे का?

फेस्टिवलला नव्या बँडला बहुतेक वेळा दुपारची वेळ मिळते. उत्तर जर्मनीत ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. म्हणजे तुमचा शो भर उन्हात आहे, आणि लेन्सवर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर नसेल तर पांढरं फटक चित्र हाती येईल. पावसाचीही तयारी ठेवा. २०२३ मध्ये वाकेनला इतका चिखल झाला की आयोजकांना येणाऱ्या प्रेक्षकांना वाटेतच थांबवावं लागलं.

## टप्पा २: परवानग्या, चार ते सहा आठवडे आधी

प्रमोटरला आणि क्लबला ईमेल करा. मोठ्या बँडच्या आधी वाजत असाल तर त्यांच्या टूर मॅनेजरलाही करा, कारण त्या रात्री स्टेज त्यांच्या ताब्यात असतं. ईमेलमध्ये माणसं किती, कॅमेरे किती, ते कुठे उभे राहणार आणि मिक्सरमधून काय हवं आहे, हे स्पष्ट लिहा. "थोडं शूटिंग करू" एवढंच लिहिलंत तर दारावर बॅग अडवली जाते.

स्टेजपुढच्या कठड्याच्या आत, म्हणजे फोटो पिटमध्ये, पहिली तीन गाणी आणि फ्लॅश नाही, हा सर्रास चालणारा नियम आहे. पूर्ण सेटभर आत राहायचं असेल तर तसं लेखी घ्या.

मोठ्या फेस्टिवलला आयोजकांचेच कॅमेरे असतात. तिथे स्वतः पाच कॅमेरे लावायचा हट्ट धरण्यापेक्षा त्यांचं चित्रीकरण कोणत्या अटींवर आणि किती पैशांत मिळेल ते आधी विचारा. आवाजाचा मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक वाद्याचा आणि गायकाचा वेगवेगळा रेकॉर्ड केलेला आवाज, हवा असेल तर तो वेगळा मागा. चित्राबरोबर तो आपोआप येत नाही.

जर्मनीत माणसाच्या चेहऱ्यावर त्याचा हक्क असतो. गर्दीचं दृश्य चालतं, पण एकाच अनोळखी प्रेक्षकावर दहा सेकंद झूम केलेला शॉट टाळा, लहान मुलांचा तर नकोच. चित्रीकरण चालू असल्याची सूचना दारावर लावायला क्लबला सांगा.

सावधान: स्टेजवर येताना एखाद्या सिनेमाचं संगीत वाजवायची सवय असेल तर ते त्या रात्री बदला. प्रेक्षकांच्या माइकमध्ये ते शिरतं आणि यूट्यूबवर हक्काचा दावा येतो. दुसऱ्याचं गाणं वाजवणार असाल तर ते सेटच्या शेवटी ठेवा. मग लागलं तर सहज कापता येतं.

## टप्पा ३: कागद आणि सामान

शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, पण तुमचं कारण कार्यक्रमाचं आहे हे अर्जात दिसलं पाहिजे. कॅमेरामनचं नावही आमंत्रणपत्रात असू द्या. ब्रिटनचा व्हिसा वेगळा. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असलं तरी युरोपियन युनियनच्या कस्टम्समध्ये नाही, त्यामुळे तिथल्या सीमेवर व्हॅन उघडून गिटार आणि टी-शर्ट मोजले जाऊ शकतात.

प्रत्येक कॅमेरा, लेन्स आणि रेकॉर्डरचा सिरीयल नंबर लिहिलेली यादी करा. भारतातून निघताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, आणि तेही सामान चेक-इन करायच्या आधी, कारण वस्तू दाखवावी लागते. परतताना हा कागद नसेल तर तुमचाच कॅमेरा तुम्ही परदेशात विकत घेतला नाही, हे सिद्ध करत बसावं लागतं. सामान मोठं असेल तर एटीए कार्नेटचा, म्हणजे सामान तात्पुरतं परदेशात नेण्याच्या कस्टम्स कागदाचा, विचार करा. भारतात ते फिक्की ही उद्योगसंघटना देते.

सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त केबिन बॅगेत. १०० वॅट-तासांपर्यंत सहसा अडचण नसते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टच्या आसपास आणि ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे चार्जर चालतात, फक्त प्लग बदलतो. ब्रिटनचा प्लग पुन्हा निराळा.

## टप्पा ४: आवाज

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. अंधारलेलं, हललेलं चित्र मेटल ऐकणारा माणूस सहन करतो. बास ड्रम पोकळ वाजला तर तो विसाव्या सेकंदाला निघून जातो.

मिक्सरचा दोन ट्रॅकचा आवाज तसाच वापरणं ही सगळ्यात मोठी चूक. छोट्या क्लबात गिटारचे अँप आणि ड्रम स्टेजवरूनच इतके जोरात ऐकू येतात, की इंजिनिअर स्पीकरमध्ये त्यांना थोडंच घेतो आणि गायकाला वर ठेवतो. हॉलमध्ये हा समतोल बरोबर असतो. पण तोच मिक्स घरी ऐकला की गायक छातीवर बसलेला आणि गिटार शेजारच्या गल्लीत. म्हणून प्रत्येक चॅनल वेगळा रेकॉर्ड व्हायला हवा.

इंजिनिअरला दोन आठवडे आधी ईमेल करून मिक्सरचं मॉडेल विचारा. बेरिंजर एक्स३२ किंवा मिडास एम३२ असेल तर त्यात कोणतं कार्ड बसवलंय ते विचारा. एक्स-लाइव्ह असेल तर ३२ चॅनल थेट एसडी कार्डवर जातात. एक्स-यूएसबी असेल तर तुमचा लॅपटॉप लागेल. अॅलन अँड हीथच्या एसक्यू मालिकेत यूएसबी ड्राइव्हवर १६ ट्रॅक मिळतात, लॅपटॉप जोडला तर ३२. यामाहाचा सीएल किंवा क्यूएल असेल तर दान्ते नेटवर्कवरून, म्हणजे नेटवर्क केबलनं आवाज नेणाऱ्या पद्धतीनं, लॅपटॉपमध्ये घ्यावं लागतं, आणि त्याची तालीम घरी केल्याशिवाय जाऊ नका.

जागेचा हिशोब सोपा आहे. ३२ चॅनल, ४८ किलोहर्ट्झ, ३२ बिट म्हणजे सेकंदाला साधारण ६ एमबी, तासाला २२ जीबी. ४५ मिनिटांच्या सेटला ३२ जीबीचं एक कार्ड पुरतं. ४ जीबीच्या मर्यादेमुळे दहा-बारा मिनिटांनी नवी फाइल सुरू होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नंतर तुकडे टोकाला टोक लावून जोडायचे.

रेकॉर्डिंग मिक्सरमधल्या ईक्यू, कॉम्प्रेसर आणि फेडरच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या पट्टीच्या) आधीच्या जागेवरून घ्या. नाहीतर इंजिनिअरनं सोलोसाठी गिटार उचलली की तुमच्या ट्रॅकमध्येही ती उचलली जाईल, आणि मिक्स करताना ते निस्तरत बसावं लागेल.

प्रेक्षकांसाठी दोन माइक वेगळे. स्टेजच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत, तोंड गर्दीकडे, पाठ स्पीकरकडे. छोटे कंडेन्सर माइक घरून न्या, त्यांना लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर चालू करायची इंजिनिअरला आठवण करा, आणि हे माइक हॉलच्या स्पीकरमध्ये जाणार नाहीत याची खात्री करा. कानातल्या क्लिकवर, म्हणजे ताल देणाऱ्या टिकटिकीवर, वाजवत असाल तर क्लिकसुद्धा एका चॅनलवर रेकॉर्ड करा. मिक्स करताना ताल आयता सापडतो.

मल्टिट्रॅक मिळतच नसेल तर पर्याय असा: मिक्सरचे दोन ट्रॅक एका रेकॉर्डरवर, आणि हॉलमध्ये मिक्सरजवळ ३२-बिट फ्लोटचा दुसरा रेकॉर्डर. अशा रेकॉर्डरला लेव्हल चुकल्याची चिंता बरीच कमी असते. दोन्ही जुळवून मिसळले की ऐकण्याजोगा आवाज निघतो. उत्तम निघणार नाही.

तपासा: साउंडचेकला एक गाणं रेकॉर्ड करा, कार्ड काढून लॅपटॉपवर उघडा, आणि प्रत्येक ट्रॅक एकेकटा वाजवून ऐका. "लाल दिवा लागलाय" यावर समाधान मानू नका.

सावधान: रेकॉर्डिंग थांबवल्याशिवाय कार्ड काढू नका. एका जर्मन क्लबात शेवटचं गाणं संपलं, टाळ्या चालू होत्या, पुढच्या बँडचा माणूस केबल गुंडाळत आला आणि घाईत मी कार्ड तसंच ओढलं. शेवटची फाइल बंदच झाली नव्हती. तिचा आकार शून्य दिसत होता आणि त्यात आमचं सेटमधलं सगळ्यात चांगलं वाजलेलं गाणं होतं. ते परत मिळालं नाही.

## टप्पा ५: गाण्यांचा नकाशा

कॅमेरामनला गाणी पाठ नसतील तर तो नेहमी अर्धा सेकंद उशिरा पोचतो. प्रत्येक गाण्याचा एका कागदावर नकाशा करा: ०:००, फक्त गिटार, ०:२२, ड्रम आत, १:४८, ब्रेकडाउन (संथ, जड भाग), त्याआधी सगळे एकदम थांबतात, २:३०, डावीकडच्या गिटारचा सोलो, ३:१०, गायक प्रेक्षकांना मधून दोन बाजूंना सरकायला सांगतो. कोण कोणत्या बाजूला उभा राहतो तेही लिहा. डावी-उजवी बाजू प्रेक्षकांकडून पाहून धरायची, हे सगळ्यांनी एकदाच ठरवून घ्या. हे कागद छापून कॅमेऱ्याच्या पट्ट्याला बांधा. अंधारात फोन उघडून बघणं जमत नाही.

## टप्पा ६: कॅमेऱ्यांच्या जागा आणि सेटिंग

तीन कॅमेरे पुरतात. पहिला मिक्सरजवळ ट्रायपॉडवर, पूर्ण स्टेज दिसेल असा, ज्याला रात्रभर कुणी हात लावायचा नाही. दुसरा पिटमध्ये माणसाच्या हातात. तिसरा छोटा, ड्रमच्या मागे किंवा बाजूला क्लॅम्पनं घट्ट बांधलेला, ज्यात बास ड्रमच्या डबल पेडलवरचे ड्रमरचे पाय दिसतील. चौथा असेल तर स्टेजच्या कडेवरून, गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे.

ट्रायपॉड लाकडी प्लॅटफॉर्मवर ठेवू नका. एकदा मी ठेवला होता. संथ भागात सगळं ठीक होतं, पण डबल बास ड्रम सुरू झाला की प्लॅटफॉर्म हादरायचा आणि स्टेज पाण्यातल्या प्रतिबिंबासारखं थरथरायचं. सिमेंटची जमीन शोधा. सबवूफरजवळ, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरजवळ, तर अजिबात नको.

सगळे कॅमेरे सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. युरोपातली वीज ५० हर्ट्झची असल्यानं यात झगमग कमीत कमी येते. अमेरिका-कॅनडात वीज ६० हर्ट्झची, तिथे ३० फ्रेम आणि १/६० धरा. तरीही काही एलईडी दिवे लुकलुकतातच. साउंडचेकला लाइटवाल्याला सगळे रंग एकेकदा लावायला सांगा आणि शटर थोडं मागे-पुढे करून बघा.

एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही हातानं लॉक करा. स्ट्रोब (झपझप चमकणारे दिवे) लागले की ऑटो फोकस भरकटतो आणि ऑटो एक्स्पोजर उघडझाप करतो. चेहऱ्यावर पुढून पडणाऱ्या दिव्यावर एक्स्पोजर ठरवा, मागच्या दिव्यांवर नाही. निळ्या आणि लाल एलईडीत चेहरा एकाच रंगाचा सपाट गोळा होतो, आणि सरासरी उजेडाचा मीटर ते दाखवत नाही. लाल, हिरवा आणि निळा, तिन्ही रंगांचा वेगवेगळा आलेख कॅमेऱ्यात बघा. कॅमेरा ८-बिटचा असेल तर अंधाऱ्या क्लबात लॉग प्रोफाइलच्या, म्हणजे रंग नंतर भरायला फिकं चित्र घेणाऱ्या सेटिंगच्या, नादी लागू नका. नंतर उजळवताना रवाळपणा आणि रंगांचे पट्टे दिसतात.

तपासा: जुने कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात. तुमचा थांबत असेल तर विसाव्या मिनिटाच्या आसपास, दोन गाण्यांच्या मध्ये, मुद्दाम बंद करून लगेच चालू करा. सेटलिस्टवर ती जागा लाल पेननं खूण करून ठेवा. सेकंदाला १०० मेगाबिटनं चित्रित केलं तर तासाला ४५ जीबी लागतात, त्याप्रमाणे कार्ड घ्या. आणि प्रत्येक कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक चालू ठेवा. तो आवाज व्हिडिओत जाणार नाही, पण जुळवणी त्यावरूनच होते.

## टप्पा ७: शोच्या दिवशी

क्लबात पोचल्यावर आधी साउंड इंजिनिअरला भेटा, मग लाइटवाल्याला, मग दारावरच्या सुरक्षा रक्षकांच्या प्रमुखाला. पिटमध्ये तुम्हाला उभं राहू द्यायचं की नाही हे तोच ठरवतो. लाइटवाल्याला दोन विनंत्या करा: धूर बेतानं, आणि ड्रमरच्या चेहऱ्यावर सेटभर एक मंद दिवा.

दारं उघडायच्या आधी सगळे कॅमेरे चालू करून स्टेजवर उभं राहून एक मोठी टाळी वाजवा. सगळ्यांत ती दिसते का, ऐकू येते का, बघा. मग सगळी कार्ड फॉरमॅट करा. सेटच्या दोन मिनिटं आधी आवाजाचं रेकॉर्डिंग सुरू करायचं, नंतर स्थिर कॅमेरे, शेवटी हातातला. चेंजओव्हरच्या, म्हणजे दोन बँडच्या मधल्या अदलाबदलीच्या, गोंधळात हे काम एकाच माणसाकडे असू द्या आणि तो माणूस बँडमधला नको. युरोपात वेळ संपली की संपली. शेवटच्या गाण्याला पाच मिनिटं जास्त मिळतील या आशेवर काही ठेवू नका.

कानात इअरप्लग घाला. पिटमध्ये स्पीकर तोंडासमोर असतात.

## टप्पा ८: त्याच रात्री कॉपी

आधी जेवण नाही. हॉटेलवर किंवा व्हॅनमध्ये दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करा, दोन्हीतून अधल्यामधल्या फाइल उघडून बघा, आणि दोन ड्राइव्ह दोन माणसांच्या बॅगेत ठेवा. दौरा संपेपर्यंत मूळ कार्ड पुसू नका. व्हॅन फोडून चोरी होणं ही दौऱ्यांवर नेहमीची गोष्ट आहे, त्यामुळे एकही ड्राइव्ह रात्री व्हॅनमध्ये राहता कामा नये.

## टप्पा ९: जुळवणी आणि मिक्स

आधी आवाजाचा मिक्स पूर्ण करा, मग चित्र कापा. कच्च्या आवाजावर केलेली कापाकापी पक्का आवाज आल्यावर खोटी वाटते.

दा विंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत आवाजाच्या लाटांवरून कॅमेरे जुळवता येतात. इथे एक बारकावा बहुतेकांच्या हातून सुटतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. स्टेजपासून ३० मीटरवरच्या कॅमेऱ्याला तो जवळपास ८७ मिलीसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशोबात दोन फ्रेम. लाटा अचूक जुळवल्या की त्या कॅमेऱ्यात काठी आधी पडते आणि स्नेअर नंतर वाजतो. ती क्लिप दोन फ्रेम उशिरानं सरकवा. खात्री करायला गायकाचे ओठ बघू नका, ड्रमरची काठी बघा.

फोनवरचं चित्रीकरण असेल तर ते आधी स्थिर २५ फ्रेममध्ये बदलून घ्या. फोनमध्ये फ्रेमचा वेग मध्येच बदलतो आणि चौथ्या मिनिटाला जुळवणी सुटते. वेगवेगळ्या यंत्रांची घड्याळंही तासाभरात थोडी सरकतात, म्हणून प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासा.

मिक्समध्ये प्रेक्षकांचे माइक गाण्यांच्या मध्ये वर आणि गाणं चालू असताना खाली घ्या, पण पूर्ण बंद करू नका. त्यांच्यातच हॉल असतो. यूट्यूब मोठा आवाज साधारण -१४ एलयूएफएसपर्यंत (आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं माप) खाली आणतं, त्यामुळे सगळं दाबून मोठं केलं तर फक्त स्नेअरचा फटका मरतो, आवाज वाढत नाही.

स्टुडिओत नव्यानं वाजवून घालायचा मोह आवरा. माइक बंद पडलेली एखादी ओळ दुसऱ्या रात्रीवरून घेणं मला मान्य आहे. पूर्ण सोलो घरी वाजवून चिकटवणं नाही. बोटं एक दाखवतात आणि कान दुसरं ऐकतो, आणि गिटार वाजवणारा प्रेक्षक ते लगेच ओळखतो.

## टप्पा १०: चित्राची कापणी

२०० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला २०० ठोक्यांना, एक ठोका ०.३ सेकंदाचा असतो. प्रत्येक ठोक्याला कापलं तर काहीच दिसत नाही. रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, बदलते तिथे कापा. चार बार (चार-चार ठोक्यांची चार आवर्तनं) म्हणजे जवळपास पाच सेकंद, एवढा वेळ माणसाला वाजवताना बघू द्या. सोलोला सोलो वाजवणारा दाखवा, ब्लास्ट बीटला, म्हणजे ड्रमच्या अतिवेगवान भागाला, ड्रमर. ब्रेकडाउनच्या आधीची ती क्षणभराची शांतता लांबच्या शॉटमध्ये ठेवा, म्हणजे सगळ्यांची डोकी एकदम खाली जाताना दिसतात.

गर्दीचा शॉट दुसऱ्या गाण्यातून उचलताना दिव्यांचा रंग आणि ताल जुळतोय का बघा. संथ रिफवर गोल रिंगणात वेगानं धावणारे प्रेक्षक लगेच खटकतात.

## टप्पा ११: चढवण्याआधी

चित्रीकरण १०८०पी असलं तरी ४के करून चढवा. धूर, स्ट्रोब आणि अंधार यांना जास्त डेटा लागतो, आणि मोठ्या आकाराच्या व्हिडिओला यूट्यूब तो देतं. ४के, २५ फ्रेमसाठी सेकंदाला ३५ ते ४५ मेगाबिट ठेवा. पूर्ण सेट असेल तर गाण्यांच्या वेळा लिहा. पहिली वेळ ०:०० हवी आणि किमान तीन हव्यात, नाहीतर यूट्यूबवर व्हिडिओची प्रकरणं (चॅप्टर) दिसत नाहीत.

आधी अनलिस्टेड, म्हणजे फक्त लिंक असलेल्यांनाच दिसेल असा, चढवा. हक्काचे दावे येतात का बघा, ४के तयार होईपर्यंत थांबा. मग फोनच्या स्पीकरवर, स्वस्त इअरफोनवर आणि टीव्हीवर एकेकदा पूर्ण बघा. वर्णनात क्लबचं आणि शहराचं नाव, तारीख, आणि साउंड व लाइट करणाऱ्यांची नावं त्यांना विचारून घाला. जाहीर करायच्या आदल्या दिवशी त्या इंजिनिअरला लिंक पाठवा. पुढच्या दौऱ्याला त्याच क्लबात गेलात तर कार्ड तो स्वतःच लावून ठेवेल.